नुसता वाऱ्याचा वेग बघून चालत नाही
वर कुणीतरी लिहिलंय की समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर उतरताना समोरून वारा असला तर हेलिकॉप्टरला उलट जास्त लिफ्ट (वर उचलणारा जोर) मिळते, मग भीती कसली. एकसारखा वारा असेल तर बरोबरच आहे, पण प्लॅटफॉर्मवर तो डेरिक (ड्रिलिंगचा उंच मनोरा) आणि क्रेनला आपटून येतो, मागे भोवरे होतात आणि त्यात तिथल्या टर्बाइनच्या एक्झॉस्टची गरम हवा मिसळली की नेमकी उतरताना लिफ्ट कमी पडते. म्हणून तर हेलिडेकखाली (हेलिकॉप्टर उतरतं त्या डेकखाली) मोकळी जागा सोडतात आणि त्याच्याभोवती २१० अंशांत अडथळा चालत नाही.

मला जास्त काळजी रोटर (हेलिकॉप्टरचा वरचा पंखा) सुरू किंवा बंद होतानाची वाटते. फिरणं मंद असतं तेव्हा पाती ताठ राहत नाहीत, एका झोतात डोक्याच्या उंचीपर्यंत खाली येऊ शकतात. अशा वेळी पॅसेंजरना अजिबात उतरवू नये, क्रू चेंज (प्लॅटफॉर्मवरच्या माणसांची अदलाबदल) लांबला तर लांबू दे.