साहेब नसताना लाइन कोण थांबवणार?

वेर्ण्याची दुसरी पाळी: वेर्ण्यातल्या एका औषध कारखान्यात पॅकिंगला सुपरवायझर आहे. परवा संध्याकाळी खोक्यांवर एक्स्पायरीची तारीख पुसट उमटू लागली. लाइनवरच्या मुलीनं ते लगेच हेरलं. पण मॅनेजरना विचारल्याशिवाय मशीन बंद करायचं नाही, हा दंडक, मलाही तोच. त्यांचा फोन लागेपर्यंत वीसेक मिनिटं गेली. ती बटणापाशी हात नेऊन तशीच उभी, समोरून खोकी चाललेली. सगळं स्वतःच्या मुठीत ठेवणारा साहेब कामाचा नव्हे, असं माझं ठाम मत झालंय.

डिचोलीचा क्यूए: अजिबात पटलं नाही. मी क्यूए, म्हणजे मालाच्या गुणवत्तेची हमी बघणारा. लाइन क्लिअरन्सला, म्हणजे नवी बॅच घेण्याआधी लाइनवर जुनं काही उरलं नाही ना हे बघताना, करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची, अशा दोन सह्या उगाच नसतात. आधीच्या बॅचचं एक लेबल टेबलाखाली राहिलं, तर कुणाच्या तरी घरी भलतीच गोळी जाते. ‘सगळे शहाणे आहेत’ म्हणून सोडून देणारे साहेब पाहिलेत मी. तीन महिन्यांत रजिस्टरं कोरी.

फोंड्याची शिक्षिका: लेविन, लिपिट आणि व्हाइट यांचा १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आठवा. दहाएक वर्षांच्या मुलांचे गट, मुखवटे वगैरे करायचे. हुकूम सोडणारा म्होरक्या खोलीबाहेर गेला की त्याच्या गटाचं काम ढेपाळायचं. मिळून ठरवणाऱ्यांचं चालूच राहायचं. तुमची दुसरी पाळी तीच की!

डिचोलीचा क्यूए: ताई, म्होरक्या समोर असताना हुकमी गट कामात कमी नव्हता, आणि वाऱ्यावर सोडलेला गट मागे पडला, हेही त्याच प्रयोगातलं.

पेडणेवाला: कोकण रेल्वे बघा. महामंडळ १९९० चं, पूर्ण मार्ग सुरू झाला २६ जानेवारी १९९८ ला. महामंडळाचे प्रमुख श्रीधरन यांनी रोहा ते मंगळूर ७ विभाग पाडले, प्रत्येकावर एक मुख्य अभियंता. लक्ष्य वरून यायचं, जागेवरचे निर्णय त्याचे. आमच्या पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती पुन्हापुन्हा ढासळायची. तिथं बेलापूरच्या मुख्यालयाच्या होकाराची वाट बघून चाललं असतं?

वेर्ण्याची दुसरी पाळी: हेच म्हणतोय. थांबवायचा हक्क लाइनवरच्या माणसाला, पुन्हा सुरू करायची सही क्यूएची. सोमवारी लेखी मागणार.

डिचोलीचा क्यूए: थांबवायला माझी ना नाही. पण वेळ आणि कारण बॅच रेकॉर्डमध्ये तिनंच, तिथल्या तिथं लिहायचं. ते नको म्हणालात तर पुन्हा भांडेन.