ठाण्यातील वाढती दरी नियोजनाने टाळता आली असती का?

प्रश्न: वागळे इस्टेटमधले अनेक कारखाने बंद पडले, किसननगरातील कामगार कुटुंबे दाटीवाटीच्या खोल्यांतच राहिली आणि घोडबंदर रस्त्यावर मात्र टोलेजंग संकुले उभी राहिली. हे अटळ होते का?

प्रतिसाद: मला तसे वाटत नाही. नवी मुंबईतील बेलापूरमध्ये सिडकोसाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात आखलेल्या वसाहतीत वेगवेगळ्या उत्पन्नगटांना ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे फारशी तफावत नसलेले भूखंड मिळाले, आणि साधारण ७ घरांमध्ये एक सामाईक अंगण राखले गेले.

प्रतिसाद: खरे आहे, परंतु पुढे ऐपत असलेल्यांनी तिथली बैठी घरे पाडून बंगले बांधले.

प्रतिसाद: आमच्या संकुलात घरकामाला येणाऱ्या ताईंना वेगळी लिफ्ट वापरावी लागते. तशी सक्ती करणारी पाटी आधी काढावी, अशी मागणी मी सभेत लेखी मांडणार आहे.