औषधवाली कॉन्टॅक्ट लेन्स काचबिंदूसाठी मिळते का?

मानेवाडावाला
आईला दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. सकाळ-संध्याकाळ टिमोलॉलचे थेंब, रात्री लॅटानोप्रोस्टचे. हाताला कंप आहे, त्यामुळे तिचा थेंब भुवईवर पडतो, गालावर पडतो, डोळा सोडून सगळीकडे पडतो. "टाकला बाप्पा," म्हणून मोकळी होते. रात्री मी टाकून देतो, पण सकाळी अंधारातच मला बुटीबोरीला निघावं लागतं. बाटली महिना संपायच्या आत खलास होऊन राहिली आणि डोळ्यातलं प्रेशर पुन्हा वर गेलं.

भाची म्हणते, औषध भरलेल्या मऊ लेन्स निघाल्या, दिवसभर औषध हळूहळू सुटतं. इथे नागपुरात, सीताबर्डीत कोणाकडे मिळतील काय? नसेल तर साधी लेन्स टिमोलॉलमध्ये भिजवून घातली तर? हसू नका, खरंच विचारून राहिलो.

चष्मेवाला_धरमपेठ
दादा, भाचीचं खोटं नाही, पण ती लेन्स वेगळी. ॲक्युव्ह्यू थेराव्हिजन. त्यात किटोटिफेन असतं, एका लेन्समध्ये ०.०१९ मिलिग्रॅम, ॲलर्जीच्या खाजेसाठी. एक दिवस घालायची, फेकायची. जपान-कॅनडात २०२१ला परवानगी मिळाली, अमेरिकेत २०२२ला. काचबिंदूशी तिचा संबंध नाही.

काचबिंदूसाठी बोस्टनच्या संशोधकांनी लॅटानोप्रोस्टची लेन्स केली होती. औषधाची पातळ फिल्म कडेच्या गोल पट्टीत, मधला भाग नजरेसाठी मोकळा. २०१६मध्ये निकाल छापून आले: प्रेशर थेंबांइतकं उतरलं, जास्त डोसच्या लेन्सनं त्याहूनही जास्त. पण हे सगळं माकडांवर. दुकानात मागायला जाल तर माझ्यासारखा माणूस तोंडाकडे पाहत राहील.

भिजवायचं तर डोक्यातूनच काढा. साधी लेन्स औषध शोषते, पण तास-दोन तासांत बहुतेक सगळं सोडून देते. किती शोषलं, किती सुटलं, घरी मोजणार कसं? शिवाय थेंबांच्या बऱ्याच बाटल्यांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह असतं. ते लेन्समध्ये मुरतं आणि कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, चिकटून बसतं. म्हणूनच आम्ही सांगतो, थेंब टाकल्यावर पंधरा मिनिटं लेन्स घालू नका.

पीआरके_वाली
माझ्या चष्म्याचा नंबर घालवायच्या लेझरनंतर (पीआरके) डॉक्टरांनी बँडेज लेन्स बसवली होती आणि थेंब तिच्यावरूनच टाकायचे होते. पण ते जखम झाकायला, थोडे दिवस, त्यांच्या देखरेखीत. काकूंना रोज लेन्स घालून देणार कोण? कंप असलेल्या हाताला थेंबापेक्षा लेन्स जास्त कठीण. वरून आपल्याकडचा मे महिना, कूलरचा वारा, धूळ. मला एप्रिल लागला की लेन्स सुचत नाही.

निवृत्त_सिस्टर
भाऊ, मी डोळ्यांच्या वॉर्डात नोकरी केली आहे. काकूंना दिवाणावर उताणं झोपवा, डोळे मिटायला सांगा. नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब सोडायचा, मग डोळा उघडायचा, तो आपोआप आत जातो. नेम धरायची गरजच नाही. एकच थेंब, कारण डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही, उरलेलं गालावर. नंतर डोळा मिटून तोच कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून ठेवायचा. नाही तर औषध नाकावाटे रक्तात जातं. टिमोलॉलनं नाडी मंदावते आणि दमा असेल तर ते द्यायचंच नसतं. काकूंना दमा आहे काय?

लॅटानोप्रोस्टची उघडलेली बाटली २५ अंशांच्या खाली ठेवायची असते. नागपूरच्या उन्हाळ्यात म्हणजे फ्रिजच. गार थेंब पडला की कळतो, हा वेगळा फायदा.

आणि डॉक्टरांना विचारा, दोन्ही औषधं एकाच बाटलीत, दिवसातून एकदाच, असं मिळतं. ते चाललं तर रात्री तुम्हीच टाकाल, सकाळची भानगडच राहणार नाही.

मानेवाडावाला
दमा नाही सिस्टर, बीपी आहे. त्याची गोळी चालू आहे, तीही चिठ्ठी सोबत नेतो. एका बाटलीचं मला कोणी सांगितलंच नव्हतं, मी लेन्सच्या मागे लागलो होतो. आईला झोपवून टाकून पाहिला, पहिल्याच झटक्यात आत. आता तिचं म्हणणं, बाटली फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीजवळ नको.

निवृत्त_सिस्टर
बीपीच्या गोळीचं नाव डोळ्यांच्या डॉक्टरांना नक्की दाखवा. काही गोळ्या आणि टिमोलॉल, दोन्ही नाडी मंद करतात. बाटली दारातल्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही.