आई-बाबांना पहाटे उठवून न्यावं का?

जरूर न्या! डिस्नेलँडच्या मार्क ट्वेन बोटीवरचा पहाटेचा खासगी नाश्ता सत्तरीच्या आई-बाबांना झेपेल का, असं तुम्ही विचारलंय. आम्ही पुण्याहून कॅलिफोर्नियात, डिस्नेलँडच्या ॲनाहाइम शहराला गेलो तेव्हा भाच्याच्या ऑफिसमुळे अशीच एक सकाळ मिळाली होती.

बोट डुलत नाही, त्यामुळे मळमळण्याची भीती सोडा. पाण्याखाली रूळ आहे, त्यावरूनच ती पार्कमधल्या छोट्या बेटाला फेरी मारते. चाक मात्र खऱ्या वाफेवर फिरतं. गर्दी नसली की तो फसफस आवाज, ओल्या लाकडाचा वास, सगळं जाणवतं. बाबा चहा विसरून बॉयलरपाशीच उभे राहिले. ते लहानपणी पुण्यातल्या पेशवे पार्कच्या फुलराणीत, म्हणजे मुलांच्या छोट्या रेल्वेत, बसलेले. ती 1956 ची, आणि डिस्नेलँड व ही बोट 1955 ची, हे कळल्यावर त्यांचा चेहरा इतका खुलला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

खाणं ठीकच, अंडी आणि पाव. शाकाहारी असाल तर आधी कळवा, नाहीतर फळांवर भागवावं लागेल. फेरी जेमतेम पाव तासाची असते. वरच्या मजल्यावर जिने चढावे लागतात, गुडघे दुखत असतील तर खालीच बसवा. आणि स्वेटर घ्याच, सकाळी तिथे चांगलंच गार असतं.