मदत हवी आहे: रिटायरमेंटनंतर दिवसभर दोघंही घरात, वेळ कसा वाटून घ्यायचा?

मी ६०ची, हे ६२चे. मी दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले, हे पाच महिन्यांपूर्वी. पैशाचं टेन्शन नाही, तब्येती बऱ्या आहेत, पण दिवसभर एकत्र राहायचं कसं हेच जमत नाहीये. ३४ वर्षं आम्ही एकमेकांना फक्त संध्याकाळी भेटायचो हे आत्ता कळतंय. हे अजून सवयीने साडेआठला इस्त्रीचे कपडे घालून तयार होतात आणि मग खुर्चीत नुसते बसून राहतात, ते बघून पोटात तुटतं. मी उठले की "कुठे चाललीस", फोन वाजला की "कोणाचा होता", आणि मला दुपारी दोन तास एकटीने वाचत बसायची सवय लागली होती ती पार गेली.

करून बघितलेलं सांगते. वेळापत्रक केलं, चार दिवस टिकलं. त्यांना एका क्लासला घातलं, तिथे ओळखीचं कोणी नाही म्हणून सोडला. सकाळी एकत्र फिरायला जातो, ते मात्र छान चाललंय, ते बंद करायचं नाही. घर दोन खोल्यांचं आहे त्यामुळे वेगळी खोली शक्य नाही, मुलं लांब आहेत आणि त्यांना यात ओढायचं नाहीये. डॉक्टरांना दाखवलं, डिप्रेशन नाही म्हणाले. पार्टटाइम काम नको असं ह्यांनी स्वतःच स्पष्ट सांगितलंय.

ज्यांनी हे पार केलंय त्यांनी प्लीज सांगा, मला रोज दोन तास एकटीला हवेत हे त्यांना नकोसं झाल्यासारखं न वाटू देता कसं सांगायचं? तुम्ही नेमकं काय बोललात?