शब्दचर्चा : ‘खासगी अर्थनिर्णय’ हा शब्दप्रयोग योग्य आहे का?

प्रश्न : बायबलमधील पेत्राच्या दुसऱ्या पत्रातील १:२० या वचनावरून (‘शास्त्रातील कोणताही संदेश स्वतःच्या उलगड्याचा नसतो’ असा त्याचा आशय) शास्त्राचा अर्थ कोणी लावावा, याविषयी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात चालत आलेल्या वादाविषयी लिहिताना ‘खासगी अर्थनिर्णय’ असे म्हणावे का?

उत्तर : माझ्या मते म्हणू नये. मराठीत ‘खासगी’ म्हटले की ‘सरकारी’ किंवा ‘सार्वजनिक’ याच्या उलट असलेले काहीतरी डोळ्यांपुढे येते, आणि मग घरी एकट्याने शास्त्र वाचणेच निषिद्ध असावे असा भास होतो. कॅथलिक शिकवणीचाही तो आशय नाही. या वचनातील मूळ ग्रीक विशेषण ‘इदिओस’ म्हणजे ‘स्वतःचा, आपापला’. त्यातील ‘एपिल्युसिस’ (अर्थ लावणे) या नामाच्या मुळाशी ‘सोडवणे, मोकळे करणे’ हा धातू असल्यामुळे आपला ‘उलगडा’ त्याला फार जवळचा आहे. हे नाम नव्या करारात येथे एकदाच येते. त्याचे क्रियापद मात्र मार्क ४:३४ मध्ये, येशू शिष्यांना दाखल्यांचा उलगडा करून सांगतो तेथे आढळते, आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्याच वाक्यात ‘इदिओस’ दोनदा येऊन एकदा ‘एकांती’ आणि एकदा ‘आपल्या’ असा अर्थ देतो.

खरा वाद ‘स्वतःचा’ म्हणजे कोणाचा, याविषयी आहे. कॅथलिक पक्ष बहुधा तो वाचकाचा मानतो. पुष्कळ प्रोटेस्टंट भाष्यकार पुढच्याच वचनाकडे बोट दाखवून तो संदेष्ट्याचा मानतात, म्हणजे संदेश त्याच्या मनातून उपजला नाही, असा अर्थ घेतात. १५४६ साली ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने ‘आपल्याच बुद्धीवर विसंबून’ चर्चच्या अर्थाविरुद्ध शास्त्र वळवण्यास मनाई केली. म्हणून मी ‘स्वमताने लावलेला अर्थ’ असे लिहीन. प्रोटेस्टंट भूमिकेलाही ‘मनाला येईल तो अर्थ’ म्हणणे अन्यायाचे होईल, कारण संदिग्ध वचनाचा अर्थ शास्त्रातीलच अधिक स्पष्ट वचनांवरून लावावा, असा नियम वेस्टमिन्स्टरच्या सतराव्या शतकातील प्रोटेस्टंट विश्वासपत्रकात घातलेला आहे.

पुरवणी प्रश्न : मग ‘मॅजिस्टेरियम’साठी, म्हणजे कॅथलिक चर्चच्या अधिकृतपणे शिकवण्याच्या अधिकारासाठी, ‘धर्मसत्ता’ चालेल का?

उत्तर : लॅटिन ‘मागिस्तेर’ म्हणजे शिक्षक, म्हणून ‘अध्यापनाधिकार’ अधिक नेमका. हा अधिकार देववचनाच्या वर नसून त्याच्या सेवेसाठी आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले. ‘सत्ता’ या शब्दात ही सेवा हरवते. शिवाय ‘चर्च’साठी मराठी प्रोटेस्टंट ‘मंडळी’ म्हणतात, तर कॅथलिक लेखनात ‘ख्रिस्तसभा’ आढळते. तेव्हा ज्या पक्षाचे मत मांडत असाल, त्याचाच शब्द घ्यावा.