मदत हवी आहे : टॉवेल कारखान्यातील टाकाऊ माल घेणारा उद्योग सोलापुरात कोणता?

यंत्रमाग_अक्कलकोटरोड :
नमस्कार. अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. परदेशी ग्राहकाने या खेपेला प्रश्नावली पाठवली असून, कारखान्यातून निघणारी प्रत्येक टाकाऊ वस्तू कोणाकडे जाते आणि तिचे पुढे काय होते, हे पंधरा दिवसांत लेखी कळवायचे आहे. आजवर भंगारवाला सगळे एकत्र उचलून नेत असे; त्याने गेल्या महिन्यापासून येणे बंद केले आहे आणि मागची शेड छपरापर्यंत भरली आहे. एकाचा टाकाऊ माल हा दुसऱ्याचा कच्चा माल असतो, असे प्रत्येक चर्चासत्रात ऐकतो. तो दुसरा सोलापुरात कोण, एवढेच सांगावे. तातडी आहे.

निवृत्त_स्पिनिंगमास्तर :
माल म्हणजे नेमके काय, हे आपण लिहिलेलेच नाही. कोऱ्या, म्हणजे न रंगवलेल्या सुताचा वेस्ट, खोटी किनार (विणताना कडेला येणारी आणि कापून टाकली जाणारी पट्टी), शिलाईतील कात्रण, शिअरिंगची, म्हणजे टॉवेलवरचे फासे कातरताना पडणारी भुकटी, या प्रत्येकाचा ग्राहक वेगळा असतो. रंगाई आपल्याकडेच होते का? दिवसाला किती किलो निघते? शुद्ध सुती कात्रण रंगवार वेगळे असेल तर पानिपतला पाठवा. तेथे ते पिंजून ओपन एंड या सूतकताई यंत्रावर जाडे सूत काततात आणि रंग जुळला तर पुन्हा रंगवावेही लागत नाही.

ऊस_बागायतदार :
पानिपतपर्यंतचे भाडे कशाला भरता? आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही आणि प्रत्येकाकडे प्रेसमडचे, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या मळीचे ढीग असतात. भुकटी, चिंध्या आणि रंगाईचा गाळ त्यात मिसळून खत करावे. मी स्वतः प्रेसमडचे खत वापरतो आणि जमिनीत फरक दिसतो.

सांडपाणी_अभियंता :
प्रेसमडविषयी आपले म्हणणे खरे आहे, परंतु त्यात रंगाईचा गाळ मिसळण्याचा सल्ला कृपया कोणी मनावर घेऊ नये. सांडपाणी प्रक्रियेतून निघणारा रासायनिक गाळ 2016 च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत 35.3 या क्रमांकाखाली येतो. त्यात क्षार असतात आणि काही रंगांमुळे जड धातूही उतरतात. ते एकदा शेतात गेले की परत काढता येत नाहीत. ही चर्चा सुरू करणाऱ्यांना माझा प्रश्न असा आहे, की हा गाळ त्याच शेडमध्ये आहे का, आणि किती दिवसांपासून आहे? साठवणुकीची मर्यादा साधारणपणे 90 दिवसांची असते.

होटगीकर :
गाळ सिमेंट कंपनीला द्यावा, भट्टीत जळून जाईल. होटगी तर जवळच आहे.

सांडपाणी_अभियंता :
होटगीला क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजून तयार झालेले सिमेंटचे खडे दळण्याचे काम चालते. तेथे भट्टी नाही. भट्ट्या वाडी, सेडम भागात, म्हणजे कर्नाटकात आहेत. सुमारे 1450 अंशांवर तापणाऱ्या त्या भट्टीत गाळाचा सहप्रक्रियेसाठी, म्हणजे सिमेंट बनवतानाच तो जाळण्यासाठी उपयोग होऊ शकतो, मात्र कंपनीकडे तशी परवानगी हवी, आणि गाडी भरण्यापूर्वी दोन्ही राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांना कळवावे लागते.

एमबीए_विद्यार्थिनी :
या संदर्भात डेन्मार्कमधील कालुंडबोर्गचा अभ्यास करावा. तेथे 1972 मध्ये तेलशुद्धीकरण कारखान्याचा जादा वायू शेजारच्या जिप्सम बोर्डच्या कारखान्याला मिळू लागला. पुढे वीजकेंद्राची वाफ औषध कारखान्याकडे गेली आणि वीजकेंद्राच्याच धुरातील गंधक काढताना तयार होणारे जिप्सम बोर्डसाठी वापरले गेले. सोलापुरातही तसे जाळे उभारायला हवे.

यंत्रमाग_अक्कलकोटरोड :
ताई, कालुंडबोर्ग मीही वाचले आहे. मला या आठवड्यात पोती हलवायची आहेत. सर्वांनी विचारले म्हणून लिहितो. रंगाई आमच्याकडेच होते. कात्रण आणि किनार मिळून दिवसाला साधारण 40 किलो निघते, रंगीत आणि कोरे एकाच पोत्यात जाते, पण माल शंभर टक्के सुती आहे. गाळाच्या गोण्या त्याच शेडमध्ये, पलीकडच्या भिंतीला आहेत.

निवृत्त_स्पिनिंगमास्तर :
भंगारवाला का थांबला, ते यातच आहे. रेपियर (धोट्याशिवाय चालणाऱ्या) मागावर खोट्या किनारीला कडेचा धागा बहुधा पॉलिएस्टरचा असतो आणि टॉवेलची शिलाईही अनेकदा त्याच दोऱ्याने होते. मूठभर किनार उसवून काडी लावून पाहा. कालुंडबोर्गविषयी ताईंचे अगदीच चूक नाही. जिप्सम मिळाले ते जिप्सम म्हणूनच मिळाले, कशात मिसळून नव्हे.

यंत्रमाग_अक्कलकोटरोड :
आज दोन पोती उघडली. किनारीतले चार धागे वेगळे करून पेटवले. सुताची राख बोटांत भुकटी झाली आणि कडेच्या धाग्याचा काळा, टणक मणी झाला, म्हणजे तो पॉलिएस्टरच. इतकी वर्षे मी ग्राहकांना शंभर टक्के सुती असे लेखी देत आलो, ते टॉवेलपुरते खरे होते. टाकाऊ मालाकडे मी त्या नजरेने कधी पाहिलेच नव्हते. शिवाय गाळाच्या गोण्यांचा ओलावा खालच्या ओळीतील पोत्यांना लागला आहे. त्या गोण्या उद्या छताखालच्या पक्क्या फरशीवर हलवतो, आणि मागाशेजारीच कोरे सूत, कोरी किनार, रंगीत किनार आणि शिलाईचे कात्रण यांसाठी चार निरनिराळी पोती लावतो. पण ओल लागलेल्या पोत्यांचे काय करावे?

सांडपाणी_अभियंता :
ती विकू नका आणि वाळवून इतर मालात मिसळूही नका. गाळाबरोबरच त्यांची नोंद करा. प्रश्नावलीतही जे आहे तेच लिहावे, आणि वर्गीकरण कोणत्या तारखेपासून सुरू केले तेही लिहावे.

चिंचोळी_वर्कशॉप :
आमचे चिंचोळी एमआयडीसीत यंत्रांच्या सुट्या भागांचे वर्कशॉप आहे. यंत्रे पुसण्यासाठी आम्ही कोऱ्या सुताचा वेस्ट बाहेरून विकत आणतो. पुसण्यासाठी आम्हाला पॉलिएस्टर नको, त्यामुळे किनार चालणार नाही, फक्त सूत हवे. तेलाने माखलेल्या चिंध्या पुढे घातक कचऱ्यात मोडतात आणि त्यांची विल्हेवाट आम्हीच लावतो, ते आपण आपल्या कागदात लिहू शकता. आठवड्याला किती किलो मिळेल, आणि शनिवारी नमुन्याचे एक पोते बघायला आलो तर चालेल का?